आधी छप्पर, मग नकाशे: रोमेनियाच्या संस्कृती मंत्रालयाला खुले पत्र

प्रति,
मा. संस्कृती मंत्री, रोमेनिया
राष्ट्रीय वारसा संस्था, बुखारेस्ट
सर्व जिल्ह्यांची संस्कृती संचालनालये

विषय: राजघराण्यांच्या ओसाड राजवाड्यांना हिवाळ्याआधी तातडीचं संरक्षण देण्याबाबत

महोदय,

वालाकिया आणि मोल्दावियाच्या गादीवर बसलेल्या घराण्यांचे राजवाडे तुमच्या संरक्षित यादीत आहेत, आणि त्यांतले कितीतरी यादीत असूनही ढासळत आहेत. प्राहोवा जिल्ह्यात फ्लोरेश्तचा ‘छोटा त्रियानों’ राजवाडा बिनछपराचा उभा आहे. बुखारेस्टच्या उत्तरेला, इल्फोव जिल्ह्यात, कच्युलात्सचा गिका राजवाडा रिकामा आणि मोडकळीला आलेला आहे. अशा प्रत्येक वास्तूबद्दल विचारलं की सरकारी उत्तर साधारण एकच असतं: संपूर्ण जीर्णोद्धाराचा प्रकल्प तयार होईल, निधी मंजूर होईल, मग काम सुरू होईल. प्रकल्प होईपर्यंत इमारतीचं काय होणार, हे त्या उत्तरात कुठेच नसतं. आमचा आक्षेप नेमका तिथे आहे.

आम्ही चुना, वीट आणि लाकूड यांत बांधलेल्या जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करणारे मराठी अभियंते आणि वास्तुरचनाकार आहोत. तुमच्या देशाच्या कारभारात ढवळाढवळ करण्याचा आमचा हेतू नाही. पण या वास्तू ज्या सामग्रीत उभ्या राहिल्या त्याच सामग्रीवर आमचा व्यवसाय उभा आहे, आणि वाचवता येण्यासारखी इमारत केवळ कामाचा क्रम चुकल्यामुळे पडत असेल तर गप्प बसणं आम्हाला जमत नाही. हे पत्र मराठीत जाहीर करतो आहोत, कारण रोमेनियात नोकरीला असलेली आणि सहलीला जाणारी मराठी माणसं बुश्तेन आणि मोगोशोआया हे राजवाडे पाहून, भारावून परततात. जे राजवाडे त्यांना दाखवले जात नाहीत, त्यांची हकिगतही त्यांना माहीत असावी.

मराठी वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. रोमेनियातली ‘राजघराणी’ म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या एकाच गादीवर बसलेली घराणी नव्हेत. वालाकिया आणि मोल्दाविया ही ऑटोमन सुलतानाला खंडणी देणारी दोन संस्थानं होती. तिथला राजा बड्या सरदारांच्या पाठिंब्याने आणि सुलतानाच्या मर्जीने बसे, आणि बहुतेकदा त्याच मर्जीने उतरेही. १८ व्या शतकाच्या सुरुवातीपासून १८२१ पर्यंत सुलतानाने इस्तंबूलमधल्या फनार भागातल्या ग्रीक घराण्यांतून राजे नेमले. कांताकुझिनो, ब्रिंकोव्यानू, गिका, स्तुर्द्झा, कालिमाकी, बिबेस्कू, श्तिरबेई या घराण्यांतून त्या काळाआधी, त्या काळात किंवा त्यानंतर राजे झाले. गिका घराण्याचा पहिला राजा १६५८ साली गादीवर आला, आणि त्याच घराण्यातला मोल्दावियाचा शेवटचा राजा १८५६ साली उतरला. १८५९ मध्ये दोन्ही संस्थानं एका राजाखाली आली. पुढे या घराण्यांतून पंतप्रधान झाले, लेखक झाले, वैमानिक झाले, आणि पैसा होता तोवर ते बांधत राहिले.

गादीची शाश्वती नसल्याने इथला राजवाडा बहुधा राज्याचा नसून घराण्याचा असे, आणि तो शहरापेक्षा जहागिरीच्या गावात जास्त सापडतो. पोतलोजीचा राजवाडा (१६९८) आणि मोगोशोआयाचा राजवाडा (१७०२) कॉन्स्टन्टिन ब्रिंकोव्यानूने बांधले. १५ ऑगस्ट १७१४ रोजी इस्तंबूलमध्ये त्याचा चार मुलांसह शिरच्छेद झाला आणि मालमत्ता जप्त झाली. पोतलोजी त्याच साली लुटलं गेलं. मोगोशोआया पुढे बिबेस्कू घराण्याकडे आलं. १९१२ पासून मार्था बिबेस्कू या लेखिकेने व्हेनिसचा वास्तुविशारद दोमेनिको रुपोलो याला हाताशी धरून ते पुन्हा उभं केलं, आणि लेखनातून मिळणारा पैसा त्यात ओतला. १९४५ मध्ये तिने देश सोडला, १९४९ मध्ये राजवाडा सरकारजमा झाला. आज तिथे जो दगडी सज्जा, ज्या कोरीव खांबांच्या ओळी आणि तलावाकडची जी बाजू पर्यटक पाहतात, त्या सगळ्यामागे मार्थाची वर्षानुवर्षांची चिकाटी आहे.

मार्च १९४९ हा महिना या सगळ्या वास्तूंच्या इतिहासात निर्णायक आहे. १९४५ च्या जमीन सुधारणेत ५० हेक्टरांवरची जमीन गेली होतीच. कम्युनिस्ट सरकारच्या १९४९ च्या ८३ क्रमांकाच्या हुकमाने उरलेली शेती, घरं आणि आतलं सामान गेलं. २ मार्चच्या रात्री मालकांना घराबाहेर काढून ठरवून दिलेल्या गावी सक्तीने राहायला पाठवण्यात आलं. एका रात्रीत शेकडो हवेल्यांना सांभाळणारं माणूस उरलं नाही.

आता मुद्द्यावर येतो.

आमची पहिली तक्रार तुमच्या यादीबद्दल आहे. ऐतिहासिक स्मारकांच्या यादीची २०१५ ची आवृत्ती कोणीही उघडून पाहावी. तीस हजारांच्या आसपास नोंदी, आणि प्रत्येक नोंदीला एक संकेतांक. त्यात आधी जिल्ह्याची अक्षरं येतात, मग रोमन आकडा (दोन म्हणजे वास्तू), मग ती एकटी इमारत आहे की परिसर, मग राष्ट्रीय महत्त्वाचा ‘अ’ की स्थानिक महत्त्वाचा ‘ब’ गट, आणि शेवटी अनुक्रमांक. पुढच्या रकान्यांत नाव, गाव, पत्ता आणि काळ. इमारतीला छप्पर आहे की नाही हे सांगणारा रकाना नाही. शेवटची पाहणी कधी झाली, इमारत वापरात आहे का, पाणी कुठून शिरतंय, काहीच नाही. परिणामी छपरासकट नांदता राजवाडा आणि चार भिंती उरलेला राजवाडा या यादीत अगदी सारखे दिसतात. आधी कुठे धावायचं हे यातून मंत्रालयालाच कळणार नाही, तर जिल्ह्याच्या कचेरीला कुठून कळावं?

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. सर्वसाधारण समज असा आहे की या राजवाड्यांची वाट १९४९ ते १९८९ या कम्युनिस्ट काळात लागली. नुकसान प्रचंड झालं, यात शंका नाही. याश जिल्ह्यातल्या मिक्लाउशेनचा स्तुर्द्झा राजवाडा घ्या. युद्धाच्या शेवटच्या वर्षांत तिथलं ग्रंथालय लुटलं गेलं. १९५३ पासून तिथे मनोरुग्ण मुलांची संस्था होती, आणि १९८५ च्या आगीत वरचा मजला गेला. तरीसुद्धा आमच्या कामाच्या नजरेतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. जिथे संस्था होती, मग ती अनाथाश्रमाची असो, क्षयरुग्णांची असो किंवा रेल्वे कामगारांच्या विश्रामगृहाची, तिथे कोणीतरी हिवाळ्यात शेगड्या पेटवत होतं, पन्हळीतला पाला काढत होतं, फुटलेल्या काचेवर निदान पुठ्ठा लावत होतं. इमारतीला विद्रूप करून का होईना, त्या वापराने तिला कोरडं ठेवलं. संस्था बाहेर पडली आणि वास्तू रिकामी झाली की पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जे घडतं ते आधीच्या चाळीस वर्षांत घडलेलं नसतं.

आणि हा रिकामा काळ कायद्याच्या अंमलबजावणीतून निर्माण झालेला आहे. २००१ च्या १० क्रमांकाच्या कायद्याने ६ मार्च १९४५ ते २२ डिसेंबर १९८९ दरम्यान बळकावलेल्या इमारती मालकांना किंवा वारसांना परत करण्याची सोय केली. ती न्याय्य होती, आणि आमचा तिला पूर्ण पाठिंबा आहे. पण दावा दाखल झाल्यापासून निकाल लागेपर्यंत वर्षं जातात. त्या वर्षांत ताबेदार संस्था खर्च थांबवते, कारण इमारत हातची जाणार असते. वारसाला दुरुस्ती करता येत नाही, कारण इमारत अजून त्याची झालेली नसते. अखेर किल्ली हातात पडते तेव्हा त्याला मिळतो जमीन गेलेला, उत्पन्न नसलेला, वीज-पाणी तोडलेला आणि छप्पर गळणारा राजवाडा, आणि सोबत स्मारक कायद्याने टाकलेल्या सगळ्या जबाबदाऱ्या. शंभर वर्षांपूर्वी हीच वास्तू हजारो एकरांच्या उत्पन्नावर चालत होती. दिम्बोवित्सा जिल्ह्यातल्या गेर्गानला, पंतप्रधान आणि लेखक इऑन गिका यांच्या घरी, वंशजांनी हे शिवधनुष्य उचललं आणि घर पुन्हा उभं केलं. हे कौतुकास्पद आहे. पण एखाद्या कुटुंबाच्या असामान्य जिद्दीवर सरकारी धोरण बेतता येत नाही.

दुर्लक्षित इमारतींवरचा कर ५०० टक्क्यांपर्यंत वाढवण्याची मुभा तुमच्या करकायद्याने स्थानिक परिषदांना दिली आहे. सट्ट्यासाठी इमारत मुद्दाम पडू देणाऱ्या मालकावर तो बडगा उगारायलाच हवा. पण हातात पैसाच नसलेल्या वारसावर तो चालवला तर त्याच्यापुढे विकण्यावाचून मार्ग राहत नाही, आणि घेणारा बहुधा जमिनीसाठी घेतो. विक्रीच्या वेळी सरकारला पहिला हक्क आहे: मंत्रालयाला जास्तीत जास्त २५ दिवस, त्यानंतर स्थानिक प्रशासनाला १५ दिवस. हा हक्क क्वचितच वापरला जातो. वापरला जाईल तरी कसा? ज्या वास्तूची पाहणी झालेली नाही, दुरुस्तीचा अंदाज फायलीत नाही, तिची किंमत योग्य आहे का हे २५ दिवसांत कोण ठरवणार?

तिसरी तक्रार कामाच्या क्रमाबद्दल. इथे आम्ही थोडं विस्ताराने लिहिणार आहोत, कारण सगळा तोटा इथे होतो.

अशा राजवाड्याची रचना साधी असते. विटांच्या जाड भिंती, विटांमधल्या सांध्यांत, म्हणजे दर्जांत, चुना, वर लाकडी तुळया, त्यांवर तक्तपोशी, त्यावर लाकडी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) आणि पत्रा किंवा कौल. पहिली खराबी जवळजवळ नेहमी पन्हळीत होते. पाला साचतो किंवा उतरता पाइप चोरीला जातो, आणि पाणी दोन पाखी मिळतात त्या खाचेतून थेट भिंतीच्या माथ्यावर उतरतं. तिथे तुळयांची टोकं भिंतीत खोचलेली असतात. खोलीतून तुळई धडधाकट दिसते, पण भिंतीतलं हातभर टोक भुसा झालेलं असतं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की घरबुरशी धरते. या बुरशीचे तंतू विटांच्या दर्जांतून पलीकडच्या खोलीत जातात आणि तिथलं लाकूडही धरतात. मग टोक सुटतं, तक्तपोशी झुकते, आणि एखाद्या हिवाळ्यात बर्फाच्या भाराने खाली येते. ती येताना खालच्या मजल्याचं छत घेऊन येते. नक्षीचा गिलावा, भित्तिचित्रं, खालची लाकडी जमीन, सगळं त्या एका धक्क्यात जातं.

भिंतीचं दुखणं वेगळं. पाणी गोठताना साधारण ९ टक्क्यांनी फुगतं. वालाकियाच्या हिवाळ्यात दिवसा वितळणं आणि रात्री गोठणं हा खेळ आठवडेच्या आठवडे चालतो. ओली वीट दरवेळी थोडी थोडी सोलत जाते, आणि कॉर्निसचा, म्हणजे भिंतीच्या माथ्याशी पुढे आलेल्या पट्टीचा, नक्षीचा भाग आधी पडतो, कारण तो सगळ्यात जास्त बाहेर असतो. पूर्ण भिजलेली जाड भिंत सुकायला इंचाला महिना असा जुना ठोकताळा आहे. ८० सेंटीमीटरची भिंत म्हणजे अडीच-तीन वर्षं. याचा सरळ अर्थ असा की एक हिवाळा उघडं राहण्याची किंमत तीन वर्षं मोजावी लागते, आणि तेही त्यानंतर छप्पर धड राहिलं तर.

हे थांबवायला संपूर्ण जीर्णोद्धाराचा निधी लागत नाही. तात्पुरतं छप्पर लागतं. लाकडी किंवा मचाणाच्या नळ्यांचा स्वतःच्या पायांवर उभा राहणारा सांगाडा घ्यावा, ढिल्या झालेल्या भिंतीत तो ठोकू नये. त्यावर पन्हळी पत्रे, किमान १५ अंशांचा उतार, कॉर्निसच्या बाहेर अर्धा मीटर तरी पागोळी, आणि पाणी जोत्यापासून दोन-तीन मीटर लांब नेऊन सोडणारे पाइप. वारा खालून उचलणार नाही अशी वजनं किंवा ताण. खिडक्यांना प्लायवूड, पण त्यात जाळीची झडप ठेवलीच पाहिजे. घट्ट बंद केलेल्या ओल्या खोलीत बुरशी उघड्या खोलीपेक्षा जोमाने वाढते, आणि ही चूक ‘सुरक्षित केलेल्या’ इमारतींत हटकून दिसते. झुकलेल्या तुळयांना टेकू द्यावा तो थेट पायापर्यंत, एका मजल्याचा भार खालच्या कुजक्या तक्तपोशीवर टेकवून नव्हे. खोल्यांतला राडारोडा हाताने काढावा आणि काढताना चाळावा, कारण नक्षीचे तुकडे, टाइलच्या शेगड्यांचे भाग आणि कडी-कोयंडे त्यातच असतात.

जिथे छप्पर कधीच गेलं आहे, किंवा पुरतं झालंच नव्हतं, तिथे पद्धत वेगळी. फ्लोरेश्तचा राजवाडा गिऑर्गे ग्रिगोरे कांताकुझिनो याने इऑन बेरिन्देई या वास्तुविशारदाकडून व्हर्सायच्या छोट्या त्रियानोंच्या धर्तीवर बांधायला घेतला. अफाट श्रीमंतीमुळे या माणसाला लोक ‘नबाब’ म्हणत. बुखारेस्टच्या काल्या विक्तोरिए रस्त्यावरचा राजवाडा, जिथे आज जॉर्जे एनेस्कू संग्रहालय आहे, तो त्याचाच. बुश्तेनचा १९११ चा राजवाडाही त्याचाच, आणि एका गाजलेल्या मालिकेच्या चित्रीकरणामुळे तो आता जगभर ओळखीचा झाला आहे. १९१३ मध्ये नबाब वारला तेव्हा फ्लोरेश्तचं काम अपुरंच होतं. पुढे पहिलं महायुद्ध आलं, मग १० नोव्हेंबर १९४० चा भूकंप. त्याच प्राहोवा जिल्ह्यात, त्याच माणसाचा एक राजवाडा तिकिटं विकतो आणि दुसऱ्याच्या भिंतींवर झाडं उगवतात.

अशा भिंतींना वरून टोपण घालावं लागतं. माथ्यावरचे ढिले थर उतरवून दोन-तीन थर नैसर्गिक जलीय (पाण्याने घट्ट होणाऱ्या) चुन्यात पुन्हा बांधायचे, पाणी बाहेर पडेल असा उतार द्यायचा, आणि शक्य तिथे वर १० ते १५ सेंटीमीटर माती आणि हिरवळीचे गठ्ठे पसरायचे. हिरवळ पाणी शोषते आणि गोठण्याचा मारा स्वतःवर घेते. भिंतीतली झाडं उपटू नयेत. मुळं निघतात तेव्हा विटाही निघतात. खोड बुडाशी कापून मूळ मारावं, सुकल्यावर पोकळी चुन्याच्या पातळ गाऱ्याने भरावी. आणि चुन्याचं काम पारा ५ अंशांखाली जाण्याची शक्यता असताना करू नये. म्हणजे तुमच्या हवामानात सप्टेंबरअखेरीस काम आटोपलेलं हवं. निविदा ऑगस्टमध्ये उघडली तर त्या वर्षी चुन्याचं काम होत नाही. होतं ते घाईचं, आणि वसंतात गळून पडणारं.

हे काम तुमच्याच देशात होतं आहे. ‘स्मारकांसाठी रुग्णवाहिका’ नावाच्या स्वयंसेवी उपक्रमाने २०१६ पासून अवजारांनी भरलेली गाडी, स्थानिक कारागीर आणि विद्यार्थी घेऊन गावोगाव छपरं झाकली, भिंती सावरल्या. युरोपने त्यांचा गौरवही केला. स्वयंसेवक हे करू शकतात तर मंत्रालयाला का जमू नये, याचं उत्तर आम्हाला हवं आहे.

चौथी तक्रार चुकीच्या दुरुस्तीबद्दल. ४ मार्च १९७७ च्या भूकंपानंतर त्याच वर्षी ऐतिहासिक स्मारकांचं संचालनालय बरखास्त झालं, आणि ते पुन्हा उभं राहिलं १९९० मध्ये. मधल्या काळात चुना मुरवणारे, नक्षीचा गिलावा करणारे, पत्र्याची दुमड घालणारे कारागीर पांगले. त्यांची जागा सिमेंटने घेतली. सिमेंटचा गिलावा भिंतीतली ओल बाहेर येऊ देत नाही. ती वर चढते आणि गिलावा संपतो तिथे लोणा फुटतो. भूकंपासाठी म्हणून जुन्या भिंतींच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा ओतण्याची पद्धतही तशीच घातक ठरू शकते. ६० बाय ४० सेंटीमीटरचा पट्टा मीटरला ६०० किलो भरतो. मऊ चुन्यातल्या भिंतीवर हा जड, ताठ पट्टा व्रान्चा भागातून येणाऱ्या भूकंपात वेगळा हलतो आणि माथ्याच्या विटा ढकलतो. समोरासमोरच्या भिंती बांधून ठेवणारे लोखंडी ताण, तुळयांना भिंतीशी जखडणारे पट्टे आणि दर्जांत चुन्याचा पातळ गारा भरणं हे उपाय हलके आहेत, आणि पुढे काढताही येतात. धुराडी मात्र आधी जखडून घ्यावीत. भूकंपात सगळ्यात आधी तीच पडतात आणि छप्पर फोडतात.

पाचवी तक्रार परिसराची. यादीत ‘परिसर’ म्हणून नोंदलेल्या ठिकाणी राजवाडा, देवघर, तबेले, बर्फघर, पाण्याचा मनोरा आणि बाग मिळून एक वास्तू असते. मालकांना परत देताना आणि विक्रीत तिचे तुकडे पडतात. बाग एकाची, राजवाडा दुसऱ्याचा, तबेले ग्रामपालिकेचे. जुने भूमिगत नाले बागेतून जातात. नव्या मालकाने कुंपणासाठी चर खणला की नाला तुटतो, आणि दोन वर्षांनी राजवाड्याचं जोतं ओलं का झालं हे कोणाला समजत नाही.

आणखी एक गोष्ट, थोडक्यात पण ठामपणे. या राजवाड्यांचं वैभव रोमा (जिप्सी) समाजातल्या गुलामांच्या श्रमांवरही उभं होतं. राजे, सरदार आणि मठ यांच्या मालकीची ही गुलामी मोल्दावियात १८५५ मध्ये ग्रिगोरे अलेक्झांद्रू गिकाच्या आणि वालाकियात १८५६ मध्ये बार्बू श्तिरबेईच्या कारकिर्दीत संपली. राजवाड्याच्या दारावरच्या माहितीफलकावर घराण्याची वंशावळ लिहिताना ही ओळही लिहिली गेली पाहिजे. पत्र्याच्या पन्हळी आणि छपरं घडवणारे ट्रान्सिल्व्हेनियातले गाबोर रोमा कारागीर आजही ते कसब सांभाळून आहेत. जीर्णोद्धाराच्या कामात त्यांना मानाने आणि योग्य मजुरीने बोलवावं.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. स्मारकांच्या यादीत स्थितीचा रकाना जोडा: छप्पर, पन्हळी, वापर, शेवटच्या पाहणीची तारीख. सुरुवात राजघराण्यांच्या ‘अ’ गटातल्या रिकाम्या वास्तूंपासून करा आणि माहिती सर्वांना खुली ठेवा.

२. तातडीच्या संरक्षणासाठी वेगळा निधी ठेवा. त्याला संपूर्ण जीर्णोद्धाराच्या प्रकल्पाची अट नको. तात्पुरतं छप्पर, टेकू आणि पाण्याचा निचरा या तीन कामांसाठी एकच छोटा अर्ज असावा, आणि मंजुरी महिन्याच्या आत मिळावी.

३. मालकीचा दावा प्रलंबित असताना इमारत कोरडी ठेवण्याची जबाबदारी ताबेदार संस्थेवर लेखी टाका. किल्ली देताना फोटोंसह स्थितीचा पंचनामा करा. वारसाला पहिली पाच वर्षं छपराच्या खर्चात सरकारी वाटा द्या, आणि त्या बदल्यात वर्षातले काही दिवस वास्तू लोकांना खुली ठेवण्याची अट घाला.

४. वाढीव कर लावण्याआधी मालकाला ही मदत देऊ करा. मदत नाकारून इमारत पडू देणाऱ्यावर मात्र कर पूर्ण लावा.

५. संरक्षणाच्या कामात सिमेंटचा गिलावा आणि भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा यांना मनाई करा. अपवाद करायचा तर त्याचं कारण लेखी जाहीर झालं पाहिजे.

६. पडलेले कोरीव दगड, शेगड्यांच्या टाइल, दारं आणि नक्षी त्याच जागी कोरड्या, कुलूपबंद खोलीत क्रमांक घालून ठेवा. ‘सुरक्षिततेसाठी’ हलवलेली वस्तू परत येण्याची तारीख ठरलेली नसेल तर ती हलवू नका.

७. विक्रीची सूचना येण्याआधीच ‘अ’ गटातल्या प्रत्येक रिकाम्या राजवाड्याचा दुरुस्ती-अंदाज तयार ठेवा, म्हणजे २५ दिवसांचा हक्क खरोखर वापरता येईल.

८. पोतलोजी आणि मोगोशोआयाप्रमाणे ज्या वास्तू सावरल्या गेल्या, त्यांच्या कामाचे नकाशे, चाचण्या आणि खर्चाचे हिशेब प्रसिद्ध करा. काय टिकलं आणि काय पुन्हा उखडलं हे पुढच्या कारागिराला त्यातूनच कळणार आहे.

यातली दुसरी मागणी आधी मान्य करावी, कारण बाकीच्या थोड्या थांबू शकतात. येत्या हंगामात झाकायच्या वास्तूंची पहिली यादी वसंत संपण्यापूर्वी जाहीर व्हावी, म्हणजे चुन्याचं काम सप्टेंबरअखेर आटोपेल. त्या यादीत भिंतींच्या टोपणासाठी फ्लोरेश्त आणि तातडीच्या छप्पर-पाहणीसाठी कच्युलात्स ही दोन नावं असावीत, आणि नसतील तर त्याचं कारण कळवावं.

आपले,
जुन्या वास्तूंच्या जतनाचं काम करणारे मराठी अभियंते आणि वास्तुरचनाकार